चिल्लरची चाळण

ज्वारी चाळता येते, सोयाबीन चाळता येतं, वाळूसुद्धा चाळता येते. भारत सरकारची नाणी मात्र चाळता येत नाहीत. हे लातूर जिल्ह्यातल्या औशात आमच्या दाजींनी सिद्ध केलं, तेही स्वतःच्या प्लायवूडवर आणि स्वतःच्या खर्चानं.

दाजींचं किराणा दुकान आहे. हल्ली सगळ्यांच्या दुकानात असते तशी त्यांच्या काउंटरवरही एक डबी आहे. गिऱ्हाईक मुकाट्यानं मोबाइल दाखवतं आणि त्याच्या वतीनं डबी ओरडते, 'बारा रुपये प्राप्त हुए.' मराठी माणूस, मराठी दुकान, मराठी शेंगदाणे आणि पावती हिंदीत. ही डबी आली तेव्हा सगळ्यांनी चिल्लरला श्रद्धांजली वाहिली होती. पण चिल्लर मेली नाही. तिनं फक्त फिरणं सोडलं आणि ठरावीक ठिकाणी ठिय्या दिला.

औशात असे ठिय्ये बरेच आहेत, पण दाजींच्या वाट्याला तीन आले. पहिला अर्थातच दुकानाचा गल्ला. दुसरा गल्लीतल्या गणपतीची पेटी, कारण दाजी मंडळाचे खजिनदार. तिसरा सगळ्यांत मोठा: त्यांच्या धाकट्या भावानं टाकलेलं पाण्याचं फिल्टर.

लातूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी इथं थोडं थांबायला हवं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती बातमी देशभर गाजली. रेल्वे गेली, कॅमेरे गेले. मागं राहिली ती गावोगावची फिल्टरं. पत्र्याची किंवा पक्की खोली, आत बोअरचं पाणी गोड करणारं यंत्र, बाहेर एक तोटी आणि तोटीशेजारी नाणं टाकायची फट. पाचाचं नाणं टाकलं की पाणी येतं. म्हणजे आमच्याकडं पाचाचं नाणं हे चलन कमी आणि तोटीची किल्ली जास्त. पाचाची नोट घेऊन फिल्टरवर गेलात तर कोरडेच परत याल.

ही फटही वाटते तितकी भोळी नाही. या यंत्रांत नमुन्याचं एक नाणं आत अडकवलेलं असतं. बाहेरून पडणाऱ्या नाण्याचा धातू आणि आकार विजेच्या कॉइलनं त्या नमुन्याशी ताडून पाहिला जातो. पसंत पडलं तर पाणी, नाही तर खालच्या खोबणीतून 'कळवतो' असं म्हणून परत. हा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम दिवसभर चालतो. भावाच्या यंत्रात पिवळं पाच लटकवलेलं आहे, त्यामुळं फक्त पिवळ्याच पाचाला होकार मिळतो. नकाराला कंटाळलेली मंडळी मग ट्रॅक्टरचे वायसर टाकून बघतात. रविवारी पेटी उघडली की नाण्यांत दोन-चार वायसर निघतातच. भाऊ ते वेगळे ठेवतो, कारण तो शेतकरीही आहे.

तर गल्ला, गणपती आणि फिल्टर अशी तिन्ही चिल्लर दाजींच्या पुढ्यात येऊन पडायची. ती निवडायची, दहा-दहाच्या चळती लावायच्या, मोजायची. दाजींना मोजायचा कंटाळा नव्हता, निवडायचा होता. अशात भाच्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुणीतरी लाकडाचा देखणा ट्रे बनवला होता. एकाखाली एक फळ्या, फळ्यांना भोकं, वरून ओंजळभर नाणी ओतली आणि ट्रे हलवला की मोठी वर राहतात, बारकी खाली गळतात. प्रत्येक कप्प्यात एकाच जातीचं नाणं. दाजींनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, ''ह्यात काय हाय? आडतीवर सोयाबीन चाळतेत का न्हाई? तसंच.''

माझी बहीण आक्का आतून म्हणाली, ''अहो, सोयाबीन सगळं एकाच वाणाचं असतंय.''

हे वाक्य तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यात होतं.

दाजी लातूरला गेले. गंजगोलाईत मिळत नाही अशी वस्तू नाही, या भरवशावर त्यांनी प्लायवूडचा तुकडा, पॉलिश पेपर आणि एक इंची पीव्हीसी पाइप आणला. पाइप उभा चिरून त्याच्या पन्हळी करायच्या आणि निवडलेली नाणी त्यांत आडवी लावायची, हा बेत. पन्हळीवर पेननं खूण केली की खुणेपर्यंत भरलेली नाणी पन्नास, मोजायची गरज नाही. भोकं पाडायला ओळखीचा सुतार होलसॉ घेऊन येणार होता. तो फक्त एवढंच म्हणाला, ''मापं द्या.''

मापं घ्यायला शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं व्हर्नियर आलं. इथपर्यंत सगळ्यांचा उत्साह दांडगा होता.

आता मापांचंच बघा. युरोपात युरो नावाचं चलन आहे. त्याची नाणी आठ, व्यास आठ, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. आणि २००२ साली ती लोकांच्या हाती आली तेव्हापासून ती मापं कुणी हलवलेली नाहीत. अशा देशात माणूस सुतारकाम शिकला की त्याचा ट्रे होतो. आमच्याकडं टाकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. दर सात-आठ वर्षांनी या चारही ठिकाणी एकदम नवीन कल्पना सुचते.

दाजींच्या वहीतली मापं मी पाहिली. रुपया: जुना २५ मिलीमीटर, २०११ चा २२, २०१९ चा २०. दोन रुपये: अंगठ्याशेजारी बोट दाखवणारं, नृत्यमुद्रेचं २७, २०११ चं २५, २०१९ चं २३. पाच रुपये: आधीची सगळी २३, आणि २०१९ चं एकदम २५. दहा रुपये २७. वीस रुपये, ते बारा कोपऱ्यांचं, तेही २७.

वाचकानं ही मापं पुन्हा एकदा नजरेखालून घालावीत, म्हणजे दाजींचा चेहरा डोळ्यांपुढं येईल. रुपया आणि दोन रुपये लहान लहान होत गेले, आणि त्याच हप्त्यात पाच मोठं झालं. परिणाम असा, की पंचवीसच्या भोकात जुना रुपया, मधले दोन आणि नवे पाच मांडीला मांडी लावून बसतात. तेवीसच्या भोकात सगळे जुने पाच आणि नवे दोन. सत्तावीसवर नाचणारे दोन, दहा आणि वीस. बावीसवर २०११ चा रुपया आणि त्याच्या सोबतीला जुने पन्नास पैसे. एकटा २०१९ चा रुपया वीस मिलीमीटरवर कुणाच्या अध्यात ना मध्यात. चाळण हलवली, नाणी अगदी शिस्तीत गळली आणि बाकीच्या प्रत्येक कप्प्यात सर्वपक्षीय बैठक भरली.

भाच्यानं तोडगा काढला: लोहचुंबक. जुन्या स्पीकरचा चुंबक काढला गेला. यात तथ्य होतं. रुपया आणि दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे असतात आणि त्या जातीचं स्टील चुंबकाला चिकटतं. पिवळं पाच निकेल-पितळेचं, ते चिकटत नाही. दहा आणि वीसही चिकटेनात. म्हणजे पंचवीसच्या कप्प्यातून नवं पाच बाजूला झालं, सत्तावीसमधून नाचणारे दोन उचलले गेले, आणि दहा-वीसचं भांडण कोपऱ्यांवरून मिटलं. घरात आनंदाचं वातावरण पसरलं. आक्कानं चहा टाकला.

चहा यायच्या आत जुना रुपया आणि २०११ चे दोन रुपये समोर उभे राहिले. दोघंही २५ मिलीमीटरचे. दोघंही स्टीलचे. चुंबकाला दोघंही तितक्याच प्रेमानं चिकटतात. मग वजन करू म्हणून सोनाराकडून काटा मागवला, तर दोघांचंही वजन ४.८५ ग्रॅम. व्यास तोच, धातू तोच, वजन तेच, किंमत दुप्पट! हे दोन सिक्के एकमेकांपासून वेगळे करायला चाळणीचा, काट्याचा, चुंबकाचा उपयोग नाही. त्यावर काय लिहिलंय ते वाचावंच लागतं. ज्या अधिकाऱ्यानं या मापाच्या कागदावर सही केली, त्यानं बाजारात कधी अंधारात सुट्टे दिले नसावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वी असं नव्हतं. आमच्या लहानपणी पाच पैसे चौकोनी, दहा पैसे करंजीच्या काठासारख्या कडेचे, वीस पैसे सहा कोनांचे. त्याआधीचे तीन पैसेही सहा कोनी होते. पुढं आलेलं दोनाचं नाणंसुद्धा अकरा कोनांचं होतं. आज्जीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण चंचीत हात घालून ती नेमकं हवं ते नाणं काढायची, आणि वर आम्हालाच म्हणायची, ''ह्ये धा पैशाचं हाय, लबाडी करू नकू.'' २०१९ ची नाणी काढताना ती दृष्टिहीनांना सोयीची असल्याचं सरकारनं सांगितलं. नवीन मालिकेपुरतं ते खरंही आहे: एक २०, दोन २३, पाच २५, दहा २७, अशी चढती भाजणी. अडचण एवढीच की जुनी नाणी कुणी परत नेली नाहीत. नवीन सून घरात आली आणि तिन्ही सासवा तशाच ओसरीवर बसून आहेत.

चळत लावण्याचा प्रश्न तर त्याहूनही जुन्या काळी कायमचा सुटला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, इंग्रज सरकारनं तांबं वाचवायला मधोमध भोक असलेला पैसा काढला. भोकाचा पैसा सुतळीत ओवला की झाली चळत. ट्रे नको, पाइप नको. सरकारनं स्वतःहून जनतेला केलेली ही शेवटची मदत असावी.

आमच्या भागाला तर निवडानिवडीची सवय त्याही आधीपासून. औसा निजामाच्या राज्यात. निजामाचं चलन वेगळं, त्याला हाली सिक्का म्हणायचे, त्यावर चारमिनार. इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार. सरहद्दीपलीकडं बार्शीच्या बाजारात कलदार चालायचा. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा शेवटचा सरकारी भाव. गडी बाजाराला निघाला की घरातल्या चंच्याही दोन निघायच्या आणि साताला सहाचा हिशेब बोटांवर व्हायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही भारतात आलो, पण हाली सिक्का पुढं काही वर्षं व्यवहारात रेंगाळत राहिला. दाजींच्या दुकानातल्या देव्हाऱ्यात अजून एक चारमिनारवाला रुपया आहे. तो कुठल्याच भोकाच्या मापात बसवायचा नाही, असं आक्कानं बजावलं आहे.

नाण्यांच्या ट्रेची कल्पना तशी परदेशीही नाही. त्रावणकोरात चक्रम नावाची चांदीची नाणी होती, मसुराच्या डाळीपेक्षा जराशी मोठी. ती बोटांनी मोजणं अशक्य. म्हणून तिकडं लाकडी फळीवर ओळीनं बारीक खळगे कोरलेले असत. मूठभर चक्रम पसरायचे, फळी हलवायची, प्रत्येक खळग्यात एक बसलं की वरचं झटकून टाकायचं. फळी भरली की आकडा तयार. संग्रहालयांतून या फळ्या आजही पाहायला मिळतात. पण चक्रमाचं भाग्य असं, की त्याच्या राज्यात दर सात-आठ वर्षांनी व्यासाची समिती बसत नव्हती.

दाजी हार मानणारे नव्हते. निवडणं राहू द्या, निदान चळती तरी लागतील म्हणून पन्हळी पुढं आल्या. आक्कानं मालिका बघता बघता नाणी हातानं निवडून दिली, जाहिराती संपायच्या आत. पाचाची पन्हळ भरली. पेनाच्या खुणेपर्यंत पन्नास यायला हवीत. कधी पन्नास यायची, कधी बरीच कमी. कारण पाचाच्या पन्हळीत जुनं गलेलठ्ठ पांढरं पाच होतं, वजन ९ ग्रॅम. त्यानंतरचं ६ ग्रॅमचं. आताचं ६.७४ ग्रॅमचं. जाडी प्रत्येकाची आपापली. त्या नऊ ग्रॅमवाल्या पाचात इतका धातू होता की ती नाणी बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या २००७ च्या सुमाराला वर्तमानपत्रांत आल्या होत्या. रुपयाची किंमत घसरली, घसरली असं टीव्हीवरचे विद्वान सांगतात. आमच्याकडं ती वेल्डिंगवाल्याच्या व्हर्नियरनं मोजता येते: पंचवीस, बावीस, वीस.

शेवटी कशीबशी मोजणी झाली आणि पिशवी घेऊन आम्ही बँकेत गेलो. बँकेचं नाव सांगत नाही, सगळ्या सारख्याच. रिझर्व्ह बँकेनं बँकांना स्पष्ट सांगितलेलं आहे की लोकांकडून नाणी घ्या, रुपया-दोन रुपये वजनावर घेतलेत तरी चालेल, शंभर-शंभरच्या पिशव्या केल्या तर आणखी सोयीचं. काउंटरवरच्या साहेबांनी पिशवीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं पाहिलं.

''मोजून आणलीत?''

''मोजून आणलीत साहेब.''

''मग आम्हाला परत मोजावी लागतील की.''

''वजन करा ना.''

''वजन कसं करणार? एकेकाचं वजन वेगळं.''

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना समजून घेणारा पहिला माणूस भेटला होता, आणि तोच चिल्लर नको म्हणत होता. साहेबांना दोष द्यावासा वाटेना. २०२३ साली शिर्डीच्या साईबाबांच्या दानपेटीतली नाणी ठेवायला जागा उरली नाही म्हणून तिथल्या काही बँकांनी हात जोडले होते. जिथं साईबाबांची चिल्लर परत येते, तिथं औशाच्या गणपतीची काय कथा!

आणि अजून मी दहाच्या नाण्याकडं वळलोच नाही.

दहाचं नाणं आमच्या भागात चालत नाही. का चालत नाही, हे कुणाला विचारू नका. कुणी म्हणतं वरच्या बाजूला दहा रेघा असल्या तर खरं आणि पंधरा असल्या तर खोटं. कुणी म्हणतं रुपयाचं चिन्ह नसलं तर खोटं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाच्या चौदा खरे आहेत. त्यासाठी १४४४० हा फोन नंबरही दिला. फोन केला की पलीकडून यंत्र बोलायचं. लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला: चौदा प्रकारचं आहे म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे. खऱ्या वस्तूचा एकच नमुना असतो, ही आमची श्रद्धा.

भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, आणि हे सगळं कायद्यानुसार चुकीचं आहे असं भर दुकानात पत्रक दाखवून सांगणारे दाजीसुद्धा घेत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ''मी घेतो हो, पण मग म्या ते कुणाला देऊ?'' या प्रश्नाचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात नाही. औशाचा किल्ला सखल जागी बांधलेला आहे, चाल करून येणाऱ्याला तो सहज दिसू नये म्हणून. आमची दहाची नाणीही तशीच घराघरांत डब्यांच्या तळाशी आहेत. पुण्याला शिकायला जाणाऱ्या लेकराच्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीशेजारी त्यांची पुरचुंडी बांधून देतात, कारण पुण्यात ती चालतात. शिक्षणाचा एवढा थेट फायदा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात होत असेल असं वाटत नाही.

बँकेतून परत आल्यावर दाजी बराच वेळ त्या ट्रेकडं बघत बसले. मग त्यांनी भोकांच्या फळ्या उचलून माळ्यावर टाकल्या, खालचा कप्प्यांचा ट्रे तेवढा ठेवला आणि कप्प्यांवर खडूनं नवीन नावं लिहिली. व्यास नाही, किंमत नाही. पहिला कप्पा 'फिल्टर': पिवळं पाच, फक्त यंत्राला पसंत पडणारं. दुसरा 'एसटी': मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि कंडक्टरचं सुट्ट्यासाठी हात पसरणं दुप्पट झालं. तो रुपया-दोन, पातळ-जाड, काहीही घेतो आणि वर आशीर्वाद देतो. तिसरा 'लग्न': चकचकीत रुपये, एकशे एक आणि पाचशे एकच्या पाकिटांना लावायला. लग्नसराईत हे काउंटरवरून गिऱ्हाईक मागून नेतं. चौथा 'पुणे': दहा, सगळे चौदा नमुने एकत्र.

पाचवा कप्पा 'देव'. यात पन्नास पैसे, झिजलेले, वाकलेले, आणि जुन्या चार-पाच चवल्या-पावल्या. पावली सरकारनं ३० जून २०११ पासून बंद केली. त्या दिवसापासून सव्वा रुपया ही रक्कम भारतात रोखीनं देता येत नाही, पण दक्षिणा अजून सव्वा रुपयाच सांगतात. म्हणून गल्लीतल्या तीन-चार घरांत पूजा असली की दाजींकडून एक पावली उसनी नेतात आणि पूजा झाल्यावर ताटातून काढून परत आणून देतात. गावातल्या नाथ संस्थानात चक्रीभजनाला जाताना मात्र आक्का या कप्प्याला हात लावत नाही. देवाला सगळं चालतं म्हणून त्याला काहीही द्यायचं का, असं तिचं म्हणणं.

हा ट्रे मात्र चालतो. सकाळी गल्ला उघडला की नाणं हातात घ्यायचं, हे कोण घेईल ते आठवायचं आणि त्या कप्प्यात टाकायचं. मोजमाप नाही, चुंबक नाही. शेजारच्या दोन दुकानदारांनी तसाच करून मागितला आहे. सुतारानं होलसॉ परत नेला, आणि वेल्डिंगवाल्याचं व्हर्नियर अजून दाजींकडंच आहे.

तुम्ही औशाला आलात तर किल्ला अवश्य पाहा, आणि येताना पिवळे पाच घेऊन या, २३ मिलीमीटरचे. तहान लागल्यावर तेच कामाला येतील. हजार रुपयांपर्यंतची देणी रुपयाच्या आणि त्यावरच्या नाण्यांत फेडता येतात असं २०११ चा नाणे कायदा सांगतो, तेव्हा संकोच करू नका. दहाची नाणी मात्र पुण्यातच खर्च करून या. कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण भाजीवाली नाही.